मंजूर भाळ

निवेदनाच्या दीडशे प्रती आदल्या दिवशीच भंडाऱ्याला पोचत्या झाल्या होत्या आणि भोजराजनं त्यातली एकही वाचली नव्हती. वाचायची गरजच काय? सबंध मजकूर त्याच्यासमोर, सिहोऱ्याच्या गिरणीच्या ओट्यावर बसून, जवाईबापूंनी सांगितला होता आणि कुंतानं लिहून घेतला होता. जवाईबापू म्हणजे मारोतराव, तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. कुंता म्हणजे भोजराजची पाठची बहीण आणि मारोतरावांची बायको. एरवी मारोतरावांनी लेखणी दुसऱ्याच्या हातात दिली नसती. पण महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डाव्यानं आधीपासूनच धूसर दिसायचं, आणि डॉक्टरनं काळा चष्मा लावून वाचन-लेखन बंद केलं होतं. कुंताबाईनं सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टोकदार सळईनं, मोत्यासारख्या अक्षरात सहा पानं कोरली. संघाच्या कार्यालयातल्या माणसानं प्रती काढल्या, मोजल्या, आणि अक्षर फार छान आहे असं सांगून गठ्ठा बांधला.

दिल्लीहून एक समिती देशभर फिरत होती. पुढच्या दहा वर्षांत देशानं वीज, कोळसा, डिझेल कसं वापरायचं याचं धोरण ती लिहिणार होती, आणि लहान कारखानदारांचं म्हणणं ऐकायला ती ब्याऐंशीच्या भाद्रपदात चक्क भंडाऱ्याला उतरली. भात गिरणीवाल्यांच्या संघानं बोलायला भोजराजला निवडलं. ज्याचं सगळ्यात जास्त अडलंय त्यानं बोलावं, एवढा साधा हिशेब होता. त्याच्या गिरणीला पंधरा अश्वशक्ती मंजूर होती, यंत्रं आणली होती चाळीसची. वीज मंडळाची चाळीसची लाइन जंगलाच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. पुढचे बेचाळीस खांब तीन खात्यांच्या ना हरकतीसाठी दोन वर्षं जमिनीवर आडवे पडून होते. त्यांच्यावर आता गावातल्या बाया गोवऱ्या थापायच्या.

सकाळी संघाची जीप तुमसर ओलांडून मोहाडीच्या रस्त्याला लागली तेव्हा आत घरचे पाच जण होते आणि भोजराज सोडून सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. धाकट्या भावाच्या, टेकचंदच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. आज भंडाऱ्यात काही पदरात पडलं नाही, तर संध्याकाळी तो कागद दादाच्या हातात जाणार होता. टेकचंद वेगळा निघणार होता. भंडाऱ्याला त्याच्या मेहुण्याचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, त्यात भागीदारी ठरत आली होती. कागदाचा मजकूरही मारोतरावांनीच सांगितला होता, आणि लिहिला होता कुंताबाईनं. एका हातानं लिहिलं, दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला. आजवर ती सणाला माहेरी यायची ती एका दारात. आता दोन दारं होणार, आणि आधी कोणत्या दारात पाय ठेवायचा हे ठरवताना तिचं माहेरपण संपणार, एवढंच तिला त्या कागदातून कळलं होतं.

"दादा, घाबरून राहिलास का गा?" तिनं विचारलं.

"मी कायले घाबरू?" भोजराजनं टोपी काढून घाम पुसला. त्याला पुसायला पुष्कळ जागा होती. चाळिशीतच केसांनी जी माघार घेतली ती आता पार मानेपर्यंत पोचली होती. "दिल्लीवाले काय वाघ आहेत?"

"भाषा शुद्ध ठेवा, म्हणजे झालं," काळ्या चष्म्याआडून मारोतराव म्हणाले. "मजकुरात मी तीन मागण्या स्पष्ट केल्या आहेत. सर्व परवानग्या एकाच टेबलावर मिळाव्यात. नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं. आणि गिरणीतल्या भुशाला इंधन म्हणून धोरणात स्थान असावं. यात एक काना इकडचा तिकडे नाही."

"तुमी असल्यावर कसा होईन, जवाईबापू!" भोजराज म्हणाला आणि जीपमध्ये सगळे हसले. टेकचंदही हसला, फक्त त्याचा हात खिशावर होता.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गर्दी उसळली होती. गिरणीवाले होते, कौलांच्या भट्टीवाले होते, विडीवाले होते, आणि चहाच्या टेबलाशी निरनिराळ्या खात्यांचे साहेब गुण्यागोविंदानं बिस्किटं खात होते. टेकचंदची बायको ललिता खरं तर भावाच्या दुकानी जायची म्हणून आली होती. वेगळं निघायच्या बाजूनं घरात सगळ्यात आधी तीच बोलली होती. नागपूरच्या धंतोलीत वाढलेल्या मुलीला सिहोऱ्यात दहा वर्षं काढणं जड गेलं, यात तिचा फार दोष नाही. भाऊ येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून तिनं बाकावरची निवेदनाची प्रत उचलली.

दुसऱ्या पानावर ती थांबली. पुन्हा वाचलं. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

कुंताबाई धावली. "काय झालं वो? रडून काहून राहिली? भाऊ आला नाई का?"

ललिताला बोलता येईना. तिनं बोट ठेवून दाखवलं. आमच्या गिरणीचे मंजूर भाळ पंधरा अश्वशक्तीचे असून ते वाढवून चाळीस अश्वशक्तीचे करावे.

"मंग? बरोबर तं हाय."

"बाई, भाळ म्हणजे कपाळ!"

"मले माईत नाई का?" कुंताबाई म्हणाली. "म्या बी इचार केला, सरकार कपाळ कसं वाढवते. पन सरकारी भाषा हाय बाप्पा, असन काई."

"भार, बाई, भार! भार म्हणजे आपलं लोड!"

कुंताबाई बाकावर बसली. सिहोऱ्यात सगळे लोडच म्हणायचे, भार कोणी म्हणत नसे. लग्न झाल्या दिवसापासून नवऱ्यानं तिला पढवलं होतं की आपल्या झाडीतली माणसं ळ-चा र करतात. डोरा नव्हे, डोळा. कारा नव्हे, काळा. फर नव्हे, फळ. तीस वर्षं तिनं र दिसला की आधी त्याच्याकडे संशयानं बघितलं होतं. आणि त्या दिवशी ओट्यावर खुद्द नवऱ्याच्याच तोंडून 'भार' निघाला. तिला वाटलं, आजारपणानं यांची जीभ घसरली, पुन्हा गावाकडं आली. दहा माणसांत कसं सांगायचं? तिनं मुकाट्यानं र-चा ळ केला. 'गिरणीचा' होतं त्याचं 'गिरणीचे'ही केलं, कारण चौथीपर्यंतचं व्याकरण तिचं पक्कं होतं.

"मंग ताळ?" तिनं खोल आवाजात विचारलं.

ललितानं पान उलटलं. मंडळाने जंगलाच्या कडेला ताळ सोडला आहे.

"तार!" ललिता किंचाळली. "तार सोडली आहे! वायर, बाई!"

"तार तं पोस्टातून येते ना वो!"

त्यावर मात्र कुंताबाईलाच हसू फुटलं. आधी फिस्स करून, मग खदाखदा. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या. दहा वर्षांत या दोघी एका ताटात जेवल्या नव्हत्या, आणि आता एकीचं नाक दुसरीच्या पदराला पुसलं जात होतं.

भोजराज आला तसा ललितानं झटकन डोक्यावर पदर ओढला. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी थेट बोलायची घरात पद्धत नव्हती. "बाई, त्यांना सांगा," ती कुंताबाईला म्हणाली, "की मंडळाचा ताळ सुटला आहे."

"ऐकलो मी," भोजराज म्हणाला. त्यानं प्रत वाचली. टकलापासून मानेपर्यंत तो लाल झाला. "आता? प्रती तं आत गेल्या. साहेबाच्या हातात आहेत."

"जवाईबापूले सांगू?" मागून आलेला टेकचंद म्हणाला.

चौघांनी वळून पाहिलं. मारोतराव खुर्चीत ताठ बसले होते आणि शेजारच्या कौलवाल्याला अनुस्वार समजावून सांगत होते.

"नाई," भोजराज म्हणाला. "त्याईचा मान जाईन. मी असाच उभा राहीन, काई सुचलं तं बोलीन."

"आन माह्या मान?" असं कुंताबाई काही म्हणाली नाही. ती हसायची थांबली होती आणि टेकचंदच्या खिशाकडे बघत होती.

सभागृहात समितीचे अध्यक्ष मधल्या खुर्चीत बसले होते. बंगाली, वाळकेसे, झुपकेदार भुवया असलेले म्हातारे इंजिनिअर. शेजारी पुण्याकडचे एक सचिव, मराठी वाचून त्यांना हिंदीत सांगायला. मागच्या सोफ्यावर जंगल खात्याचे, कालव्याचे आणि टेलिफोनचे असे तीन साहेब मांडीला मांडी लावून बसले होते. बाजूला वीज मंडळाचे इंजिनिअर.

सचिवांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर चष्मा पुसला. "सर," ते म्हणाले, "इनका कहना है... इनका मंजूर कपाल पंद्रह हॉर्सपॉवर का है. चालीस का चाहिए."

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. "कपाल?"

"कपाल, सर."

अध्यक्षांनी भोजराजकडे पाहिलं. भोजराजनं सवयीनं टोपी काढून घाम पुसला, आणि ते विस्तीर्ण, चकाकतं मंजूर भाळ सबंध सभागृहाला दिसलं. मागे कोणीतरी गिरणीवाला म्हणाला, "याहून किती वाढवता राजेहो!" आणि हशा उसळला.

"आगे पढ़िए," अध्यक्ष म्हणाले.

"आगे... मंडल ने जंगल के किनारे... मर्यादा छोड़ दी है."

मंडळाचे इंजिनिअर ताडकन उभे राहिले. "सर, हा सरळ सरळ आरोप आहे! आमच्या एकाही माणसानं जंगलाच्या कडेला तसलं काही केलेलं नाही!"

आता मात्र कहर झाला. लोक बाकांवर थापा मारायला लागले. मारोतराव अर्धवट उठले, चष्म्याआडून आवाजाच्या दिशेनं मान वळवत म्हणाले, "काय वाचलं? काय वाचलं यांनी?" भोजराजनं टोपी हातात चुरगाळली. टेकचंदनं ते पाहिलं. दोन वर्षं दादा या खात्यातून त्या खात्यात चपला झिजवत होता तेव्हा टेकचंदला त्याचा राग यायचा. आज त्याला दादाचं ते उघडं टाळकं बघवेना.

"साहेब!" बायकांच्या बाजूनं आवाज आला. कुंताबाई उभी होती. पदर घट्ट, आवाज गिरणीच्या पट्ट्यावरून पलीकडे जाईल एवढा. "थे लिहिनारी मी आहो. गुरुजीनं बरोबर सांगतलं. थे मनले भार, मी लिहिली भाळ. थे मनले तार, मी लिहिली ताळ. गुरुजीच्या डोऱ्याचं आपरेशन झालं. डोळ्याचं. मंग चूक माही हाय, आमच्या दादाची नाई. पन लोड तं पायजेच ना, साहेब. थो काई अक्षराच्या चुकीनं कमी नाई होत."

सचिवांनी कसंबसं हिंदीत सांगितलं. अध्यक्षांनी ऐकलं, आणि त्यांचं पोट आधी हललं. मग ते वाळकं शरीर टेबलावर वाकलं आणि ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. "नहीं नहीं, माताजी ने ठीक लिखा है," ते म्हणाले. "हमारे बंगाल में भी कपाल ही बोलता है. नसीब को. बिजली तो जिसके कपाल में है उसी को मिलता है." मग त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि भोजराजला विचारलं, "अब बोलिए. रोका किसने?"

आणि भोजराजला वाचा फुटली. हसण्यानं भीती धुऊन गेली होती. "साहेब, बेचाळीस खांब. अकरा जंगलात, एक तार कालव्यावरून, दोन ठिकानी टेलिफोनच्या लाइनीवरून. जंगलवाले मनते, पहिले कालव्याची ना हरकत आना. कालवेवाले मनते, पहिले टेलिफोनची आना. टेलिफोनवाले मनते, पहिले जंगलाची आना. दोन वर्स झाले, मी असा गोल फिरून राहिलो. रहाटाचा बैल बी येवढा नाई फिरत."

अध्यक्षांनी कागदावर एक गोल काढला आणि तीन टिंबं दिली. मग सोफ्याकडे पाहिलं. "आप तीनों को कोई आपत्ति है?"

"व्यक्तिशः नाही," जंगलवाले म्हणाले. "फक्त क्रम."

"आमचीही तशी नाही," कालवेवाले.

"दोघांची आली की आमची तयारच आहे," टेलिफोनवाले.

पुन्हा खसखस पिकली. पहिली सही कोणी करायची? अध्यक्षांचं काम धोरण लिहिण्याचं, हुकूम सोडण्याचं नव्हे. ते पेन्सिल फिरवत बसले. तेवढ्यात मारोतराव उठले. आतापर्यंत त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांचा चेहरा काळ्या चष्म्याआड कसा झाला असेल हे कुंताबाईला बघवलं नसतं. पण आवाज वर्गातला निघाला.

"यात अडचण खात्यांची नाही, वाक्यरचनेची आहे," ते म्हणाले. "एकच कागद घ्या. त्यावर एकच वाक्य. 'इतर दोघांची हरकत नसल्यास माझी हरकत नाही.' खाली तिघांच्या सह्या. मग पहिला कोणीच नाही."

तिन्ही साहेबांनी ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. कुठून कोण सापडतो हे शोधलं. कोणीच सापडत नव्हतं.

"लिही, कुंता," मारोतराव म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. कुंताबाईनं कागद ओढला, लेखणी टेकवली, आणि दोन शब्दांनंतर थांबली. तिनं वर पाहिलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, पण ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, "हरकतमंदी र का ळ?"

"र, कुंता," मारोतराव म्हणाले. त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं होतं. "र. आता जिथं मनात येईल तिथं र लिही."

तिन्ही सह्या एका दमात झाल्या. गुरुवारी तिघांनी मिळून जागा पाहायला यायचं ठरलं. नव्वद दिवसांच्या मागणीखाली अध्यक्षांनी दोनदा रेघ मारली, हे सगळ्यांनी पाहिलं. ललिताचा भाऊ दारात येऊन उभा होता. तिनं त्याला लांबूनच हात हलवून नंतर ये म्हणून सांगितलं, कारण तिला यातलं काही चुकवायचं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये कुणालाच धड बसवेना. भोजराज प्रत्येक वळणावर म्हणे, "व्यक्तिशः नाही! फक्त क्रम!" आणि सगळे पुन्हा सुरू. वरठीच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा टेकचंदनं खिशातला कागद काढला. तो फाडून टाकायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण घडी उघडली, आणि नजर पहिल्या ओळीवर गेली, आणि तो इतका हसत सुटला की ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

"काय हाय गा?" भोजराजनं त्याच्या हातातून कागद घेतला.

कुंताबाईनं ललिताचा हात धरला. भोजराजनं कागद दूर धरून मोठ्यांदा वाचला. "थोरल्या बंधूंच्या शिरावरचे भाळ कमी व्हावे म्हणून मी आपल्या खुशीने वेगळा..."

तो थांबला. पुढचं त्यानं मनात वाचलं. फाटकातून मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत तो कागदाकडे बघत राहिला. मग टोपी काढली आणि मान खाली घालून टाळकं टेकचंदसमोर धरलं.

"पाहून घे," तो म्हणाला. "कमी होते का थे? वाढूनच राहिलं. तुह्याच्यानं होत असन तं कर कमी."

"दादा, माह्यानं नाई होत," टेकचंद म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

ललितानं पदर पुढं ओढला. "बाई," ती म्हणाली, पण बघत होती सरळ भासऱ्याकडे, "त्यांना सांगा, दुकानाचं आता राहू द्या म्हणून."

कुंताबाईनं भोजराजच्या हातातून कागद घेतला, उलटा केला, मांडीवर ठेवला, आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. चुना दोन पायल्या. खुंट्या बेचाळीस. सुतळी. मग तो टेकचंदच्या हातात दिला. "बेस्तरवारी साहेब येतीन. निशाण्या मारायले तूच जाजो."

टेकचंदनं यादी वाचली. "बाई, सुतळीत ळ बरोबर हाय ना?"

"जवाईबापूले विचार," ती म्हणाली.

फाटक उघडलं. टेकचंदनं कागद पुन्हा त्याच खिशात ठेवला, यादीची बाजू वर करून.